रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला खुलं पत्र: माय केमिकल रोमान्सचं नाव घ्यायला अजून किती वर्षं लावणार?

प्रति,
नॉमिनेशन कमिटी, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, क्लीव्हलँड, ओहायो
आणि सोबत, रॉकवर लिहिणारे सगळे समीक्षक

नमस्कार,

मी नाशिकची. शाळेत गणित शिकवते. लहानपणी चार वर्षं पेटी शिकले त्यामुळे सुरांचं थोडंफार कळतं, आणि २००७ पासून माय केमिकल रोमान्स हा अमेरिकन रॉक बँड ऐकतेय, अकरावीत होते तेव्हापासून. पत्र मराठीत लिहितेय कारण जे म्हणायचंय ते माझ्या डोक्यात मराठीतच आहे, आणि ते फक्त तुम्ही वाचावं असंही नाही, पुण्यात नाशकात कोल्हापुरात ज्यांनी हा बँड ऐकत वाईट दिवस काढलेत त्यांनीही वाचावं. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवतेय.

निमित्त सांगते. त्यांचा अल्बम 'द ब्लॅक परेड' ऑक्टोबर २००६ मध्ये आला, म्हणजे यंदा वीस वर्षं होतायत. म्हणून मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला, रोज रात्री पेपर तपासून झाले की बसायचे, तीन महिने लागले. संपादकांचा फोन आला, सभ्य माणूस आहे, म्हणाले लेख आवडला, पण मॅडम, हा बँड एवढा मोठा असता तर हॉल ऑफ फेमच्या गोष्टीत कुठेतरी नाव आलं असतं ना, ग्रॅमी मिळालं असतं ना, तुम्ही बीटल्सवर लिहा, पिंक फ्लॉइडवर लिहा, लगेच घेतो, हे इमोबिमो कॉलेजच्या पोरापोरींचं आहे त्याला मी दहा पानं कशी देऊ.

मी फोन ठेवला आणि खूप वेळ तशीच बसून राहिले. त्यांनी तो अल्बम ऐकलेला नव्हता, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. ऐकायची गरजच पडली नव्हती त्यांना, कारण मोठं कोण आणि फालतू कोण हे तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. तुम्ही तिकडे क्लीव्हलँडला एखादं नाव घेता किंवा घेत नाही, आणि त्याचा परिणाम इथे गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात होतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉकमधल्या मानाच्या यादीत, घ्यायचा तुमचा नियम असा की पहिलं रेकॉर्डिंग बाजारात आल्याला पंचवीस वर्षं झाली पाहिजेत. यांचा पहिला अल्बम जुलै २००२ चा, म्हणजे पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, पंचवीस वर्षं भरतायत. तुमची यादी ठरल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं असं मला वाटलं.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. २००८ मध्ये त्यांना कॅन्सर निघाला आणि उपचारासाठी आम्ही मुंबईला धर्मशाळेत राहिलो, आई, बाबा आणि मी, माझं बारावीचं वर्ष. मामेभावाने एक सीडी जाळून दिली होती, त्यातली गाणी मी मोबाईलमध्ये टाकून घेतली होती. त्यात एक गाणं आहे, नावच 'कॅन्सर', जेमतेम अडीच मिनिटांचं, पियानोवर. पहिल्यांदा मी ते पुढे ढकललं, ऐकवेना. मग एकदा रात्री ऐकलं. त्यात पेशंट बोलतो. लढाबिढायच्या गप्पा मारत नाही. केस गेलेत, ओठ कोरडे पडलेत, आणि आपल्या माणसांनी आपल्याला या अवस्थेत बघू नये असं त्याला वाटतंय. बाबा जागे होते, म्हणाले काय ऐकतेस गं रोज. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला आणि ओळ संपली की हळूच मराठीत सांगत गेले. संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिहिणारा खोटं बोलत नाहीये."

तेव्हा येणारा जाणारा प्रत्येकजण त्यांना सांगत होता की तुम्ही फायटर आहात, धीर सोडू नका, आणि ते मान डोलवून थकले होते. पेशंटला आतून कसं वाटतं हे त्या धर्मशाळेत त्यांच्याशी फक्त त्या गाण्याने बोललं. मी हे सहानुभूतीसाठी सांगत नाहीये. समीक्षकांनी या बँडवर जो मुख्य आरोप केला तो असा की हे सगळं नाटकी आहे, भावनांचं प्रदर्शन आहे, खरं नाही. ज्या दुखण्यावर ते गाणं आहे ते भोगणाऱ्या माणसाने ऐकून दिलेला निकाल मी तुमच्यापुढे ठेवतेय.

'कॅन्सर' ज्यात आहे त्या 'द ब्लॅक परेड'ची गोष्ट तुम्हाला माहिती असेलच तरी लिहिते. एक पेशंट मरणाला टेकलाय. बँडचा गायक जेरार्ड वे, त्याची कल्पना अशी की मरण माणसाकडे त्याच्या सगळ्यात लाडक्या आठवणीच्या रूपात येतं, आणि या पेशंटची आठवण म्हणजे लहानपणी वडिलांनी गावात नेऊन दाखवलेली बँडची मिरवणूक. म्हणून मरण येतं ते वाजत गाजत, काळ्या युनिफॉर्ममधला बँड होऊन. हे मी शेवटच्या महिन्यात बाबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले मग माझ्याकडे रथ येणार. कामदा एकादशीला पंचवटीत रामाचा रथ निघतो आणि त्याच्या पुढे गरुडाचा रथ, त्यांना त्यांच्या वडिलांनी खांद्यावर बसवून तो दाखवला होता, दोर ओढणारी माणसं, गुलाल, गोदावरीकडे जाणारी गर्दी, सगळं सांगत बसले. त्याआधी महिनाभर ते इतकं बोलले नव्हते. न्यू जर्सीच्या एका बँडने लिहिलेल्या एका रॉक अल्बममुळे मला माझ्या बाबांची ती आठवण मिळाली. ते गेले तेव्हा गावचं भजनी मंडळ आलं होतं, टाळ मृदंग पुढे आणि आम्ही मागे, आणि मला त्या मृदंगात 'वेलकम टू द ब्लॅक परेड' या गाण्यातला तो सुरुवातीचा स्नेअर, कवायतीचा ताशासारखा ड्रम, ऐकू येत होता. तेव्हापासून या बँडला कोणी पोरकट म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार नाटकीपणाच्या आरोपाबद्दल, आणि यावर मी जास्त बोलणार आहे कारण बाकीचं सगळं इथूनच निघतं. काळे कपडे, पांढरा चेहरा, मिरवणुकीचे कोट, स्टेजवर स्ट्रेचर, म्हणून हे सोंग. कमिटीतल्या मंडळींनो, मी ज्या भाषेत वाढले तिथे संगीत नाटक नावाची गोष्ट आहे. त्यात माणूस दुःखाने कोसळायला आला की पद म्हणतो, तानांसकट, आणि लोक वन्स मोअर देतात, तो पुन्हा म्हणतो, आणि तरी लोक रडतात. गळ्यातला दागिना खोटा आहे हे सगळ्यांना माहिती असतं, दुःख खोटं आहे असं कोणी म्हणत नाही. सोंग घेऊनच खरं सांगता येतं अशा काही गोष्टी असतात. तमाशात, दशावतारात, भारुडात आमच्याकडे हे शेकडो वर्षं चाललंय. तुमच्याकडेही आहेच की. 'मामा' नावाच्या गाण्यात लढाईवर गेलेला सैनिक आईशी बोलतो, चाल अशी की जुन्या युरोपातल्या कॅबरेत बसल्यासारखं वाटतं, आणि त्यात आईच्या आवाजात कोण गातं तर लायझा मिनेली, ब्रॉडवेच्या म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतली नटी. इराकचं युद्ध चालू असताना २००६ मध्ये एक रॉक बँड सैनिकाच्या आईसाठी ब्रॉडवेच्या बाईला बोलावतो, ही निवड किती विचार करून केलेली आहे ते बघा. याला भडकपणा म्हणून सोडून देणं म्हणजे कान बंद ठेवणं आहे.

आणि कारागिरी. 'वेलकम टू द ब्लॅक परेड' पियानोच्या एका स्वराने सुरू होतं, जी, एकच टिंब. आज जगात कुठेही तो एक स्वर वाजवला तर माणसं ओळखतात. मी पेटीवर वाजवून बघितलंय, पहिला स्वर दाबून, मग खाली बास एकेक पायरी उतरत जातो आणि वर चाल जागच्या जागी उभी राहते, तिथेच पोटात खड्डा पडतो. मग मिरवणुकीचा स्नेअर, मग गिटार, आणि मग अचानक सगळं पंकच्या वेगाने सुटतं. पाच मिनिटांत शोकगीत, कवायत आणि दंगा, आणि कुठेही सांधा दिसत नाही. अल्बमच्या सुरुवातीला हॉस्पिटलच्या मशीनचा बीप बीप आवाज आहे, तिथून पहिलं गाणं थेट दुसऱ्यात घुसतं. रे टोरोच्या गिटारी ऐका, दोन दोन तीन तीन थर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून जातात, क्वीनच्या वाटेवरून. आणि त्याच्या बाजूला दुसरा गिटारवाला फ्रँक आयेरो, खरखरीत, हार्डकोर म्हणजे कडक पंकमधून आलेला. या दोघांच्या वाजवण्यावर गंभीर लेख किती आले? जेरार्डच्या डोळ्याभोवतीच्या काजळावर त्याच्या दसपट आले असतील.

क्वीनचं नाव घेतलं म्हणून सांगते. २००६ च्या इंग्लंडमधल्या रीडिंग फेस्टिव्हलला यांना स्लेअर या हेवी मेटल बँडच्या नंतर स्टेजवर पाठवलं आणि लोकांनी बाटल्या मारल्या. हे वाजवत राहिले. २०११ ला त्याच रीडिंगला हे हेडलाइनर होते आणि क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे स्वतः येऊन यांच्यासोबत वाजवून गेला, क्वीनचं गाणंही आणि 'ब्लॅक परेड'ही. सत्तरच्या दशकात क्वीनलाही समीक्षकांनी भपकेबाज म्हणून झोडपलं होतं, २००१ मध्ये तुम्ही त्यांना आत घेतलंत. ब्रायन मेला जे ऐकू आलं ते तुम्हाला कधी येणार एवढंच विचारतेय.

दुसरी तक्रार. इमो, म्हणजे पंकमधून निघालेलं भावना उघड मांडणारं रॉक, हा शब्द तुम्ही शिवी करून टाकलात. मजा म्हणजे तोच शब्द जुन्या बँडना लावला की आदर असतो. ऐंशीच्या दशकातलं वॉशिंग्टन डीसी, राईट्स ऑफ स्प्रिंग, मग नव्वदीतले सनी डे रिअल इस्टेट, अमेरिकन फुटबॉल, यांच्याबद्दल किती हळवं होऊन लिहिता. मलाही ते आवडतात. पण त्यांचं रडणं थोड्या लोकांनी ऐकलं म्हणून ते प्रामाणिक, आणि यांचं रडणं पहिल्या आठवड्यात अमेरिकेत २ लाख ४० हजार लोकांनी विकत घेतलं म्हणून ते बाजारू, हा कुठला न्याय? जेरार्ड वेने तर इमो हे लेबल स्वतःला लावायलाच नकार दिला होता, तरी तुम्ही ते चिकटवलंत आणि मग त्याच लेबलावरून त्यांना खाली ढकललंत.

तिसरी, आणि ही बोलताना मला राग येतो. ऐकणारे कोण आहेत ते बघून तुम्ही गाण्याची किंमत केलीत. चौदा पंधरा वर्षांच्या मुली ऐकतात म्हणजे ते हलकंच असणार. १९६४ मध्ये बीटल्ससमोर किंचाळणाऱ्या कोण होत्या? त्याच वयाच्या मुली. बीटल्स १९८८ मध्ये तुमच्याकडे सन्मानाने आले तेव्हा त्या मुलींचा कान बरोबर होता हे कोणी म्हटलं नाही, पण होता. इंग्लंडमध्ये एका मुलीने आत्महत्या केली आणि २००८ मध्ये डेली मेल या पेपरने या बँडवर 'कल्ट', म्हणजे नादी लावणारा पंथ, म्हणून ठपका ठेवला. त्या मुलीच्या घरच्यांच्या दुःखाबद्दल मला एक शब्दही वेडावाकडा बोलायचा नाहीये. पण बँडने तेव्हा जाहीर सांगितलं की आम्ही हिंसेच्या आणि आत्महत्येच्या विरोधात आहोत, आणि ३१ मे २००८ ला लंडनमध्ये त्या पेपरच्या ऑफिसबाहेर पोरं पोरी जमली, शांतपणे, हातात बोर्ड घेऊन, की या गाण्यांनी आम्हाला जगवलंय. तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला तर तो कुठे जाऊन थांबतो ते कळतं. शेवटचं मोठं गाणं 'फेमस लास्ट वर्ड्स' आहे, अल्बम करताना जेरार्डचा भाऊ आणि बँडचा बास वाजवणारा मायकी वे डिप्रेशनने इतका खचला की काही काळ बँड सोडून गेला होता, त्या दिवसांतून आलेलं ते गाणं आहे, आणि त्याचा पूर्ण रोख जगत राहण्याकडे आहे. पेशंट मरणाच्या दारात उभा राहून परत फिरतो की काय असं वाटावं इतका. तेरा गाणी ऐकायला पन्नास मिनिटं लागतात. ज्यांनी बातम्या लिहिल्या त्यांनी ती पन्नास मिनिटं दिली नाहीत.

चौथी तक्रार छोटी आहे. २००८ च्या ग्रॅमीत 'द ब्लॅक परेड'ला नॉमिनेशन मिळालं, कशासाठी? स्पेशल एडिशनच्या पॅकेजिंगसाठी. खोक्यासाठी! ग्रॅमी तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण शेजारी ठेवून बघा, ग्रीन डेच्या 'अमेरिकन इडियट'ने २००५ मध्ये बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी घेतलं, तोही गोष्ट सांगणारा मोठा नाट्यमय अल्बम, आणि त्याचा प्रोड्यूसर रॉब कॅव्हालो, तोच 'ब्लॅक परेड'चाही प्रोड्यूसर. ग्रीन डे २०१५ मध्ये तुमच्याकडे पहिल्याच वर्षी आले, त्यांचा हक्कच होता. मग दोन वर्षांनी त्याच माणसाने केलेल्या दुसऱ्या अल्बमच्या वेळेला सगळ्यांना फक्त खोका कसा दिसला?

पाचवी. रॉकने आपल्या काळाबद्दल बोललं पाहिजे असं तुम्हीच म्हणता. हा बँड जन्मालाच आला तो ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यातून. जेरार्ड वे तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अॅनिमेशनचं काम करायचा, त्याने टॉवर पडताना डोळ्यांनी पाहिले आणि ठरवलं की आयुष्यात काहीतरी खरं करायचं, आणि त्यांनी लिहिलेलं पहिलं गाणं त्याच दिवसाबद्दल होतं. पुढचे तीन अल्बम मरणाभोवती का फिरतात हे त्यानंतर विचारावं लागू नये. दुसरा अल्बम, 'थ्री चीअर्स फॉर स्वीट रिव्हेंज', २००४ चा. त्यातलं 'हेलेना' हे जेरार्ड आणि मायकीच्या आजीवर आहे, एलेना, २००३ मध्ये गेली. तिनेच जेरार्डला लहानपणी गायला आणि चित्रं काढायला शिकवलं होतं. व्हिडिओत चर्चमध्ये अंत्यविधी चाललाय आणि ती मेलेली मुलगी शवपेटीतून उठून नाचते. हे बघून तुमचे लोक भडक म्हणाले. मला माझी आजी आठवली, ती गेली तेव्हा दारात बायका हंबरडा फोडून रडत होत्या, प्रत्येक आठवण मोठमोठ्याने सांगत सांगत, आणि कोणीही त्यांना म्हटलं नाही की जरा हळू, जरा प्रमाणात. दुःखाचा आवाज किती असावा हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. तुमच्या घराचं माप सगळ्यांना लावू नका.

मी भाट नाहीये हेही सांगते. पहिल्या अल्बममध्ये जेरार्डचा आवाज अजून सापडलेला नाही, ओढून ताणून गातो, आणि शब्दांत रक्त जरा जास्तच सांडलंय. २०१० च्या 'डेंजर डेज'चा मधला भाग मला सैल वाटतो, तीन गाणी काढली असती तरी चाललं असतं. आणि सगळ्याच समीक्षकांनी तोंड फिरवलं असंही नाही, काहींनी २००६ मध्येच चांगलं लिहिलं होतं, रोलिंग स्टोनच्या २०२० च्या ५०० अल्बमच्या यादीत 'ब्लॅक परेड' ३६१ वा आहे. बरं वाटलं तेव्हा. पण ३६१ हा नंबर दिल्यावर तो का दिला हे मोठ्या लेखात कोणी मांडत नाही, कौतुकसुद्धा असं येतं की 'लहानपणी आवडायचा बुवा', जणू शाळेच्या गॅदरिंगचा फोटो सापडला. मला ते आठवणींचं कौतुक नको. सुरांचं, रचनेचं, शब्दांचं कौतुक हवंय, आणि जिथे चुकलेत तिथे चूक दाखवलेलीही चालेल, पण मोठ्या माणसांबद्दल लिहितात तसं लिहा.

आणि हे तात्पुरतं वेड आहे म्हणणाऱ्यांसाठी. मार्च २०१३ मध्ये बँड मोडला. ३१ ऑक्टोबर २०१९ ला परत येतोय म्हणाले, डिसेंबरात लॉस एंजेलिसला एक शो झाला, मग कोविड. २०२२ ची टूर झाली आणि २०२५ च्या जुलैत सिएटलपासून सुरुवात करून यांनी स्टेडियममध्ये अख्खा 'ब्लॅक परेड' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवला. त्या स्टेडियममध्ये बसलेले लोक आता नोकरी करतात, ईएमआय भरतात, काहींच्या मांडीवर पोरं होती. तेव्हाच्या अकरावीतल्या मुलीही आता मोठ्या बायका झाल्यात आणि अजून तेच ऐकतायत. मध्यंतरी ट्वेंटी वन पायलट्सने 'कॅन्सर' नव्याने केलं. पॅरामोर, ज्यांना हेच लेबल लावून हिणवलं जायचं, त्यांनी २०२४ ला बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी घेतलं. म्हणजे दार उघडतंय हळूहळू. पण ते उघडायला लोकांना दहा दहा पंधरा पंधरा वर्षं बाहेर उभं करायची तुमची सवय जुनी आहे. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा, तुम्ही घेतलंत २००६ ला. रश २०१३ ला. किस २०१४ ला, म्हणजे पात्र झाल्यावर पंधरा वर्षांनी. दरवेळी कारण तेच, लोकप्रिय आहेत, भडक आहेत, पोरांचे आहेत. दरवेळी शेवटी मान्य केलंत. मग यावेळी थेट मान्य करा ना, मधली पंधरा वर्षं कशाला वाया घालवायची.

माझ्या मागण्या लिहिते, सरळ आहेत.

एक, पंचवीस वर्षं भरली की पहिल्याच संधीला माय केमिकल रोमान्सचं नाव मतपत्रिकेवर आलं पाहिजे. निवडायचं की नाही हे पुढे मतदार ठरवतील, पण नाव चर्चेलाच आलं नाही असं होऊ देऊ नका.

दोन, चर्चेला बसण्याआधी कमिटीतल्या प्रत्येकाने 'द ब्लॅक परेड' एका बैठकीत, सलग, शेवटी शांतता आहे त्यानंतरच्या लपवलेल्या गाण्यापर्यंत ऐकावा. ही अट मला गणिताच्या पेपरइतकी साधी वाटते, उत्तरपत्रिका न वाचता मार्क देता येत नाहीत.

तीन, फॅन व्होटचा विचार करा. जगभरातून लाखो लोक मत देतात आणि त्या सगळ्यांची मिळून फक्त एक मतपत्रिका मोजली जाते, बाकी मतदार हजाराच्या वर आहेत. ते वजन वाढवा. आणि मतदारांमध्ये २००० नंतर रॉक ऐकायला लागलेले लोक, त्यातही बायका, जास्त संख्येने घ्या. ज्यांनी हे संगीत वहीत लिहून काढलं त्यांना त्याच्यावर बोलायला बसवा.

चार, ही समीक्षकांना. यंदा ऑक्टोबरमध्ये विसाव्या वर्षानिमित्त तुम्ही लिहालच. तेव्हा काजळ, केस आणि 'आम्ही सगळे तेव्हा किती दुःखी होतो' यावर न लिहिता रे टोरोच्या गिटारवर एक अख्खा लेख लिहा. बॉब ब्रायरच्या ड्रमवर लिहा, तो २०२४ मध्ये गेला, मिरवणुकीचा तो स्नेअर त्याचा आहे. २००६ मध्ये तुम्ही वाईट लिहिलं असेल तर ते परत काढून वाचा आणि आजही तसंच वाटतं का ते सांगा. वाटत असेल तर कारणं द्या, मी वाचेन आणि उत्तर देईन.

लेख माझ्याकडेच आहे, दहा पानं. ज्या मराठी संपादकांना तो हवा असेल त्यांनी कळवावं, मानधन नको. फक्त 'कॅन्सर'बद्दलचा परिच्छेद कापू नये, तो बाबांचा आहे.

कळावे,

नाशिकची एक श्रोती